हातावर काही?

सकाळी आईने माझे दोन्ही हात धरले आणि मला काय करावं ते कळेना. हात सोडवून घ्यावेत की तसेच राहू द्यावेत, एवढा साधा प्रश्न. पण तो पडायला मला सत्ताविसावं वर्ष उजाडावं लागलं. आई शुक्रवारी निवृत्त झाली. एकतीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची अठरा सर्जिकल वॉर्डात. आज सोमवार, तिचा पहिला रिकामा सोमवार. ती नेहमीसारखी पाचला उठली होती. अंघोळ करून, केस घट्ट बांधून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती आणि आज कुठली ड्यूटी ते कुणीतरी येऊन सांगेल अशा नजरेने घड्याळाकडे बघत होती. मी चहाचा कप उचलायला हात पुढे केला, तर तिने मनगटच पकडलं. "हे काय? हात आहेत की किसणी?" "पाण्यात असतात गं दिवसभर." "मग मी काय वाळवंटात होते? बस इथे." वॉर्डातल्या मुलींनी निरोपाला दिलेल्या पिशवीतून तिने क्रीमची एक ट्यूब काढली. आधी पालथे पंजे, मग बोटांच्या बेचक्या, मग प्रत्येक नखाच्या कडेने अंगठा फिरवत, शेवटी तळवे आणि मनगटं. मला मोजायची सवय आहे म्हणून सांगते, साधारण दीड मिनिट. मग तिने ट्यूबचं झाकण लावलं, "जा, उशीर होईल," म्हणाली, आणि मी चहा न पिताच जिना उतरले. चहा राहिला हे बसमध्ये चढल्यावर कळलं.

बसमध्ये एका हाताने दांडी धरून मी दुसरा हात पुन्हा पुन्हा नाकापाशी नेत होते. वास फारसा नव्हता. पण तो हात माझा वाटत नव्हता. कुणीतरी नीट घडी घालून परत दिल्यासारखा वाटत होता. लहानपणी आई ड्यूटीवरून यायची ती दारातच चपला काढून सरळ मोरीत जायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि मग खुर्चीत बसून हात मांडीवर उताणे ठेवायची, वाळत घातल्यासारखे. मी पळत जाऊन बिलगायला बघायचे. ती रागवायची नाही. "थांब गं जरा," म्हणायची, "दिवसभर लोकांना हात लावून आलेय. आता थोडा वेळ माझे हात मला राहू देत." तो थोडा वेळ बहुतेक माझ्या झोपेपर्यंत टिकायचा. मग मी एक सिद्धान्त तयार केला होता: माणसाच्या हातात रोजचा ठरावीक स्पर्श असतो, टाकीत पाणी असतं तसा. आईचा वॉर्डात संपतो. घरी पोचेपर्यंत टाकी रिकामी. सातवीपर्यंत मी हे मानत होते, आणि आजही सांगते, सिद्धान्त म्हणून तो वाईट नव्हता. हाती असलेली सगळी निरीक्षणं त्यात बसत होती.

मी काम करते ती खोली प्राणिशास्त्र विभागाच्या तळघरात आहे. बेडकांच्या बावीस काचेच्या टाक्या, भिंतीला लागून पाण्याची पिंपं, प्रत्येक पिंपावर खडूने लिहिलेला भरल्याचा वार. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवल्याशिवाय इथे कुणाच्या अंगाला लागत नाही, कारण त्यातलं क्लोरीन उडून जावं लागतं. दारात दोरीने एक वही टांगलेली आहे. तारीख, वेळ, सही आणि शेवटचा रकाना: "हातावर काही?" त्या रकान्यात गेल्या अकरा वर्षांत वेगवेगळ्या अक्षरांत एकच शब्द आहे. नाही. नाही. नाही. साबण नाही, अत्तर नाही, डासांचं मलम नाही, घाम पुसलेला रुमालसुद्धा नाही. मी इथे तीन वर्षं आहे. हा शब्द आता माझं मनगटच लिहितं, मी फक्त पेन धरते. आजही त्याने लिहिला. मग मी नियमाप्रमाणे तीन वेळा पिंपातून काढलेल्या पाण्यात हात बुडवून काढले. पाण्याचे थेंब तळहातावर गोल, उंच, मण्यांसारखे उभे राहिले. दिव्याच्या उजेडात ते फार सुंदर दिसत होते. मी ते पाहिले. सुंदर आहेत असं मनात म्हटलं. रोज ते असे उभे राहत नाहीत, हे मात्र म्हटलं नाही.

आमच्याकडे हातमोजे आहेत. एरवी सगळ्यांसाठी आम्ही ते वापरतोही. फक्त सोमवारी थोरलीला तपासायचं ते उघड्या, ओल्या हाताने, अशी मॅडमची पद्धत आहे. मॅडम म्हणजे या खोलीच्या प्रमुख. वय साठीकडे झुकलेलं, आवाज घोगरा, आणि गेल्या दोन वर्षांपासून हात थरथरतात म्हणून बेडूक उचलायचं काम माझ्याकडे. "अंगावरचा चिकटा किती दाट आहे ते तराजूला कळत नाही," त्या म्हणतात, "बोटांना कळतं. बोटं शिकव." थोरली ही आमची सर्वांत म्हातारी बेडकी. इथल्या एकशे चाळीस बेडकांपैकी निम्म्यांची आई, उरलेल्यांची आजी. ज्या ओढ्याकाठून मॅडमनी तिला आणलं तिथे आता चौपदरी रस्ता आहे. बाहेर, उघड्यावर जन्मलेली अशी ती एकटीच उरली. हे आम्ही मोठ्याने बोलत नाही, पण तिच्या टाकीसमोरून जाताना प्रत्येकाची चाल आपोआप हळू होते.

मी तिला उचललं. ती तळहातावर बसली, थंड, मऊ, भिजवलेल्या चामड्याच्या पाकिटाएवढी. बेडकाची कातडी हातात आली की पहिली गोष्ट जाणवते ती तिचं सैलपण. आपली कातडी जशी सगळीकडून मांसाला धरून असते तशी ती नसते. काही ठरावीक शिवणींवर टाचलेली असते आणि मधल्या पोकळ्यांत द्रव असतो. अंगरखाच तो. आणि किती पातळ! आपल्या तळव्यावर मेलेल्या पेशींचे थरच्या थर असतात. तिच्या अंगावर असा थर एकच, फार तर दोन. त्याखाली लगेच जिवंत पेशी, लगेच रक्त. या एवढ्या पडद्यातून ती पाणी पिते, श्वासाचा मोठा वाटा घेते, मीठ राखते. पिण्यासाठी तोंड वापरतच नाही. ओल्या जमिनीवर पोट टेकवून बसते आणि पाणी आत येतं. जग तिच्यात सगळीकडून शिरतं. एवढं उघडं राहून जगायचं म्हणजे काय, याचा विचार करताना पहिल्या वर्षी मला रोज थोडी भोवळ यायची. मग सवय झाली. सवय होते याचं आता वाईट वाटतं.

दहाव्या-बाराव्या सेकंदाला तिने मागचे पाय ताणले, डोळे आत ओढून घेतले, आणि तिच्या पाठीवर दूध आलं. आधी डोळ्यांच्या मागे, पाठीच्या दोन्ही कडांना, टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके. मग ते फुगले, एकमेकांना भेटले, दोन ओघळ झाले. कच्च्या शेंगदाण्यासारखा किंचित जळका वास आला. मला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मी घाबरले नाही. पहिल्या क्षणी मी पाहत राहिले. बेडकाच्या कातडीत दोन तऱ्हेच्या ग्रंथी असतात. लहान, असंख्य, त्या चिकटा सोडतात. दिवसरात्र, थोडा थोडा, अंग ओलं ठेवण्यापुरता. आणि मोठ्या, विषाच्या. त्या गप्प असतात. प्रत्येक विषग्रंथी म्हणजे एक पिशवी, तिच्याभोवती स्नायूपेशींचं एकपदरी जाकीट. जिवावर बेतलं की मज्जातंतूंतून निरोप येतो, जाकीट आवळतं आणि पिशवी रिकामी होते. पुन्हा भरायला आठवडे लागतात. काचपट्टीवर मी त्या हजारदा पाहिल्या होत्या, कापलेल्या, गुलाबी-निळ्या रंगवलेल्या, मेलेल्या. जिवंत, काम करताना पाहिल्या नव्हत्या. निरोप कसा क्षणात, एकाच वेळी, शेकडो दारांवर पोचला! एक प्राणी आपलं सगळं शस्त्र एका दमात माझ्यासमोर ठेवत होता, आणि माझ्या मनात आलं, कोणाविरुद्ध? तेव्हा नजर तिच्या पाठीवरून खाली माझ्या तळहातावर आली. तिथे पाणी अजून मण्यांसारखं उभं होतं.

"मॅडम!" मी ओरडले. मी थोरलीला पाण्याच्या पसरट ट्रेमध्ये सोडलं. पाणी लगेच दुधाळ झालं. हे पाणी तसंच राहू देता येत नाही. लहान जागेत बेडूक स्वतःच्याच विषाने मरू शकतो. पिंपं भरणारे आमचे पाणीवाले काका आतून धावत आले. "काय झालं ताई?" "पाणी! मुरलेलं द्या, भरपूर!" "शनिवारचं आहे तीन पिंपं." "सगळं आणा." "सगळं? मग बाकीच्यांना काय, सरबत?" असं म्हणत म्हणतच त्यांनी पहिली बादली ओतली होती. तोवर मॅडम आल्या. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, मग दारातल्या वहीकडे, मग माझ्याकडे. "हातावर काही होतं का?"

इथे थोडा वेळ गेला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन सेकंदही वाटले नसतील. माझ्याकडे एक वाक्य तयार होतं: घाबरली असेल. बेडूक कधीकधी नुसत्या भीतीनेही असं करतात; वहीत "नाही" लिहिलेलं होतं; माझ्या शब्दाविरुद्ध बोलणारं कुणी नव्हतं, आणि जी बोलू शकली असती तिला आवाज नव्हता. पण भीती असेल तर उपाय एक, आणि क्रीम असेल तर दुसरा. भ्यालेल्या बेडकीला अंधारात शांत पडू द्यायचं. क्रीम लागलेल्या बेडकीला शांत पडू दिलं तर ते शांतपणे आत जातं. "क्रीम होतं," मी म्हणाले, आणि मग, का कोण जाणे, "आईने लावलं." दुसरीतल्या मुलीने गृहपाठ न केल्याचं कारण सांगावं तसं ते खोलीत घुमलं. काका बादली धरून तसेच उभे. मॅडम म्हणाल्या, "आजच सुचलं का त्यांना?" "त्या शुक्रवारी रिटायर झाल्या," मी म्हणाले. घरी मी आईला अगं-तुगं करते. त्या क्षणी का अहो-जाहो केलं, कळत नाही. मॅडम ट्रेवर वाकल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "पाठ राहू दे. पोट धू. पिते ती पोटाने. हात न लावता, वरून धार सोड. दर दहा मिनिटांनी पाणी बदल. आणि रडायचं असेल तर ट्रेपासून लांब, मीठ चालत नाही तिला." काका खुदकन हसले आणि मग मलाही हसू आलं, नको तेव्हा येतं तसं.

मग दुपार. मी हात साबणाने धुतले, मग साबण जाईपर्यंत धुतले, मग शनिवारच्या पाण्याने धुतले. किती वेळा ते फक्त या वेळी मोजलं नाही. थोरली ट्रेच्या तिरक्या बाजूला बसली होती, अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर, आणि तिचा रंग उतरत होता. म्हणजे खरोखर उतरत होता: कातडीच्या मधल्या थरात रंगपेशी असतात, वर पिवळ्या, मध्ये आरशासारख्या चमकणाऱ्या, तळाशी काळ्या; काळ्या पेशी आपला रंग फांद्यांत पसरतात की बेडूक गडद दिसतो, गोळा करतात की फिका. तिने तो गोळा केला होता. दिवा मंद करावा तशी ती मंद झाली होती. मी घसा मोजत होते. घशाखालची कातडी हलते ती मोजायची. मिनिटाला एकशे दहा, नव्वद, साठ. घसा थांबला तरी ती कातडीने श्वास घेत असते हे मला ठाऊक होतं; पण आज त्याच कातडीवर मी काय पसरलं होतं, हेही ठाऊक होतं. माझ्या हातावरचा तो पातळ, प्रेमळ थर. आईच्या अंगठ्याने नखाच्या कडेने फिरवलेला. मनात सारखं येत होतं की जन्मात एकदा ते मला मिळालं आणि मी ते सरळ नेऊन जिला कणभरही सोसणार नाही अशा एकीला लावलं.

मी आठ वर्षांची असताना घरी कुणी नव्हतं म्हणून आईने मला एकदा वॉर्डात नेलं होतं. मला बाहेर बाकावर बसवलं होतं, पण दाराला काच होती. आत एक भाजलेला माणूस होता. आई त्याला कुशीवर वळवत होती. दोन्ही हात सपाट, बोटं मिटलेली, खांद्याखाली एक आणि कमरेखाली एक, आणि इतकं हळू, की वळतोय ते दिसत नव्हतं; आधी पाठीवर होता, मग कुशीवर होता, एवढंच. तो कण्हला नाही. तो मोठा माणूस डोळे मिटून तिच्या हातांवर विसावला होता आणि मला त्याचा हेवा वाटला. भाजलेल्या माणसाचा हेवा. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मग ती बाहेर आली, एका चिमटीत मोज्याची कड धरून तो उलटा करत ओढला, त्याच्या गोळ्यावरून दुसरा उलटा केला आणि दोन्ही टोपलीत टाकले. आतून निघालेले हात पांढरे, सुरकुतलेले, पाण्याखाली राहिल्यासारखे. मी त्यांना हात लावला नाही. ते दमलेले आहेत हे मला आठव्या वर्षीही दिसलं होतं.

साडेचारला काका म्हणाले, "ताई, ही जांभया देतेय." मी वाकून पाहिलं. थोरलीने पाठ कमानीसारखी वर काढली होती आणि तोंड उघडत होती, मिटत होती. कुशी आत ओढत होती, सोडत होती. मॅडम चष्मा चढवत आल्या आणि घोगऱ्या आवाजात, अगदी हळू म्हणाल्या, "कात टाकतेय." बेडूक दर काही दिवसांनी वरचा तो एकपदरी थर उतरवतात आणि खाऊन टाकतात, आपल्या अंगाचं वाया जाऊ देत नाहीत. कातडीला काही झोंबलं तर वेळेआधीही उतरवतात. तिच्या पाठीच्या मधोमध एक रेघ उमटली, ओल्या काचेवर बोटाने ओढावी तशी, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंनी काहीतरी पारदर्शक सरकू लागलं. "खाऊ देऊ नकोस," मॅडम म्हणाल्या. "तुझं क्रीम आहे त्यात. काढून घे." मी चिमट्याकडे हात नेला. "चिमटा नको, खालची कोवळी आहे. हाताने." "मॅडम, हाताने नको." "मग कुणाच्या? माझ्या?" त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. तो आमच्या दोघींमध्ये हवेत थरथरत राहिला. त्यांनी तो परत खिशात ठेवला.

मी हात पाण्यात बुडवले. बाहेर काढून दिव्याखाली धरले. पाणी मण्यांसारखं उभं राहिलं नाही. पसरलं, भेगांत शिरलं, झोंबलं. बोटं मिटून तळवा सपाट केला, कुठून शिकले ते तेव्हा आठवलं नाही, आणि तिच्या पोटाखाली सरकवला. ती हलली नाही. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात गेलेली कड मी दोन बोटांत धरली आणि ती गिळण्यासाठी आवळायची तेव्हा थांबत, सैल सोडायची तेव्हा ओढत गेले. डोक्यावरून आली, स्वेटर निघावा तशी. पाठीवरून आली. मग पुढचा हात. तिने कोपर वाकवलं आणि हात मागे घेतला, आणि माझ्या चिमटीत चार बोटांचा मोजा राहिला. उलटा. आतली बाजू बाहेर. चारही बोटं शाबूत, टोकांच्या गोल गाद्यांसकट, इतका पातळ की त्यातून माझ्या बोटावरच्या रेषा दिसत होत्या. मग दुसरा. मागचे पाय तिने स्वतःच झाडले आणि सगळी कात पाण्यात आली, आणि एका बेडकीचा पूर्ण आकार, रिकामा, ट्रेमध्ये तरंगू लागला. काका म्हणाले, "आयला." मॅडमनी त्यांना गप्प केलं नाही.

त्या कातेची उजवी मांडी मी काचपट्टीवर पसरली. सूक्ष्मदर्शकाखाली ती फरसबंदीसारखी दिसत होती, पाचकोनी, सहाकोनी फरश्या, कडेला कड लावून, एकही फट नाही. मध्ये मध्ये, जिथे तीन फरश्या मिळतात तिथे, एक बारीक भोक: ग्रंथीचं तोंड. आणि तोंडातून खाली लोंबणारी एक नळी, कारण कात टाकताना बेडूक ग्रंथीच्या नळीचं अस्तरसुद्धा टाकतो. शेकडो तोंडं, शेकडो नळ्या. ज्या दारांतून सकाळी ते दूध आलं होतं ती सगळी दारं, चौकटींसकट, माझ्यासमोर होती. आणि थोरलीच्या अंगावर आता तशीच दुसरी, नवी, आधीच तयार असलेली. तिने ती कधी केली? आम्ही घाबरलेलो असताना, पाणी ओतत असताना, आतल्या आत ती विणत होती. मला कुणाला तरी हे दाखवायचं होतं. मॅडमनी डोळा लावला, पुष्कळ वेळ लावून ठेवला. "मला वाटायचं आता मला याचं काही वाटत नाही," त्या म्हणाल्या, आणि डोळा काढला नाही.

साडेपाचला थोरलीने मांड्या फाकवल्या आणि ओल्या कागदावर पोट दाबून बसली. पीत होती. "रात्र जाऊ दे," मॅडम म्हणाल्या. "सकाळी कळेल." निघताना मी वही उघडली, सकाळचं "नाही" एका रेघेने खोडलं, वाचता येईल असं, आणि शेजारी लिहिलं: होय. क्रीम. आईने लावलं. मॅडम मागून वाचत होत्या. "अकरा वर्षांत पहिलं 'होय'," त्या म्हणाल्या, "आणि कारण काय, तर आई. सही कर, बाई."

घरी येताना ठरवलं होतं, सांगायचं नाही. सांगितलं तर आई काय करेल ते मला दिसत होतं. ती म्हणेल, बरं, आणि हात मांडीवर ठेवेल, उताणे, आणि पुढची सत्तावीस वर्षं ते तिथेच राहतील. जिन्यावर पाऊल ठेवलं तेव्हाही पक्कं होतं. दार उघडल्यावर ती म्हणाली, "चहा तसाच टाकून गेलीस सकाळी. झालं काय तुला?" आणि मी चपलांसकट उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. संपल्यावर तिने खुर्ची ओढली आणि विचारलं, "श्वास?" "नव्वदवर आलाय परत." "रंग?" "थोडा भरलाय." "पाणी घेतेय?" "पोटाने." "पोटाने," ती म्हणाली. "बरंय. मग रात्र काढेल. पेशंट पाणी मागतो तो शहाणा असतो." मग ती उठली, क्रीमची ट्यूब उचलली आणि कपाटावर, मागे, हात पोचणार नाही इतकी मागे ठेवली. भीती होती ती हीच. मी चपला काढायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलीच राहिले. मान वर केली तर ती टेबलावर पसरट पातेलं ठेवत होती. "आण हात." पातेल्यात पाणी होतं, साधं, कोमट. "हे चालेल ना तुझ्या म्हातारीला?" "नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवावं लागतं," मी म्हणाले. "तुझ्यासाठी की तिच्यासाठी?" आणि ती हसली, आणि माझे हात तिच्या हातांत पाण्याखाली गेले. तिच्या तळव्यांची कातडी मी तोवर कधी पाहिली नव्हती. एकतीस वर्षांच्या मोज्यांखाली ती गुळगुळीत, पातळ, जवळजवळ कोवळी राहिली होती. मला वाटत आलं होतं तिथे सगळं झिजून गेलं असेल. ती कातडी तर पाण्याखाली मला वाचत होती, भेग न् भेग. पाणी गार झालं तरी आम्ही दोघी तशाच.

सकाळी वहीत मी रकान्यापाशी थांबले, तळवे उताणे करून पाहिले, आणि मग लिहिलं. नाही. हात पाण्यात बुडवले, दिव्याखाली धरले, पाणी पसरलं. टाकीत थोरली माझ्याकडे तोंड करून बसली होती, काळी, ओली, डोळे पूर्ण बाहेर. मी हात तिच्यापुढे टेकवला आणि उचलला नाही, वाट पाहिली. तिने पुढचा एक हात माझ्या बोटांवर ठेवला. मग दुसरा. मग सगळी चढून बसली, चव्वेचाळीस ग्रॅम. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. मॅडमनी उचलला, ऐकलं, आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या आईचा आहे. पेशंटची चौकशी करतायत." तीन वर्षांत तिने इथे कधी फोन केला नव्हता. माझा एक हात भरलेला, दुसरा ओला. मॅडमनी थरथरत्या हाताने रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"कशी आहे?" आई म्हणाली.

"हातावर बसलीय," मी म्हणाले. "आत्ता. माझ्या."

ती तिच्या ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाली, "मग फोन काय घेतेस? हातात पेशंट असताना बोलू नये," आणि तिने फोन ठेवला.